पांढऱ्या डोंगराच्या वाटा

तेहतीस वर्षे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले. संध्याकाळी घरी आले की ओढणीवर, बांगड्यांवर, नखांच्या कडेला खडूची पांढरी भुकटी बसलेली असायची. माझे शौहर हसून म्हणायचे, "बाई आल्या, आता घरात चुना उडणार." ते गेले, मी निवृत्त झाले, आणि हातांचा तो पांढरेपणाही गेला. मग मुलाने एका उन्हाळ्यासाठी इंग्लंडला बोलावून घेतले, आणि एके दिवशी मी खडूच्या डोंगरावरच जाऊन उभी राहिले. चपलेखाली, वाटेवर, उकरलेल्या बिळांच्या तोंडाशी, सगळीकडे खडू होता.

माझा मुलगा आणि सून क्रॉली या गावात राहतात. लंडनच्या दक्षिणेला, गॅटविक विमानतळाशेजारी. आपल्या उपखंडातले पुष्कळ मुस्लिम कुटुंबे तिथे आहेत, मशिदी आहेत, हलाल मटणाची दुकाने आहेत. मे महिन्यात मी पोहोचले. पहिले दोन आठवडे घर, बाजार आणि मशीद एवढ्यातच गेले. खिडकीतून दक्षिणेला पाहिले की मनात यायचे, इथल्या रेल्वेने समुद्रापर्यंत जाता येते म्हणे, मग मध्ये काय असेल?

सुनेला विचारले तर ती म्हणाली, "अम्मी, मध्ये शेते आहेत, डोंगर आहेत. आम्ही ब्रायटनला समुद्रावर जातो तेव्हा गाडीतून दिसतात."

"उतरला नाहीत कधी?"

"नाही. ती लोकांची शेते आहेत. आणि तिथे आपल्यासारखे कोणी दिसत नाही. लोक बघत राहतात."

नऊ वर्षे ती त्या देशात राहत होती. नोकरी करते, गाडी चालवते, मुलीच्या शाळेत जाऊन शिक्षकांशी ठामपणे बोलते. पण गावाबाहेरच्या वाटेवर पाऊल टाकायला तिला कुणाच्या परवानगीची गरज वाटत होती. मला ते खटकले. मी म्हटले, "येत्या शनिवारी जाऊ. लोक बघतील तर आपणही बघू."

पहिली वाट : शेतांमधून गावाकडे

क्रॉलीच्या थ्री ब्रिजेस स्टेशनवरून ब्रायटनकडे जाणाऱ्या गाडीने वीस-पंचवीस मिनिटांत हॅसक्स येते. छोटे स्टेशन. बाहेर आलो की दक्षिणेला डोंगरांची लांबलचक रांग उभी दिसते. आपल्या सह्याद्रीसारखे कडे नाहीत, सुळके नाहीत. हिरवी चादर अंगावर ओढून कुणी कुशीवर झोपावे तसे ते डोंगर. त्यांना साउथ डाउन्स म्हणतात. माझ्या नातीने लगेच विचारले, "दादी, डाउन म्हणजे खाली ना? मग डोंगराला डाउन का म्हणतात?" नंतर कळले की जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थच टेकडी असा होता.

हॅसक्सपासून डिचलिंग हे गाव सुमारे तीन किलोमीटरवर. रस्त्यानेही जाता येते, पण आम्ही शेतांतली पायवाट धरली. कुंपणाशी एक लाकडी खांब होता आणि त्यावर पिवळा बाण. सून थांबली. समोर गुडघाभर गहू उभा होता, हिरवागार. "हे तर कुणाचे तरी शेत आहे, अम्मी."

शेत होतेच कुणाचे तरी. पण त्या गव्हाच्या मधून मीटरभर रुंदीची वाट सरळ पलीकडे गेली होती. नंतर मुलाने सगळे वाचून आम्हाला सांगितले. इंग्लंडमध्ये अशा वाटांना कायद्याचे संरक्षण आहे. जमीन मालकाची, पण तिच्यावरून चालायचा हक्क सगळ्यांचा. शेत नांगरले, पेरले तरी मधली वाट पुन्हा मोकळी करून देणे हे शेतकऱ्याचे काम. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट, निळा बाण म्हणजे घोडेस्वार आणि सायकलवालेही जाऊ शकतात अशी वाट. प्रत्येक भागातल्या अशा वाटांचे अधिकृत नकाशे सरकारदरबारी असतात.

हे आपोआप मिळालेले नाही. १९३२ साली उत्तर इंग्लंडमध्ये किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर जमीनदारांची बंदी झुगारून शेकडो कामगार तरुण चालत गेले होते. त्यांच्यापैकी काहींनी तुरुंग पाहिला. १९४९ साली संसदेने राष्ट्रीय उद्याने आणि पायवाटांबद्दलचा कायदा केला. या डाउन्सच्या डोंगरांना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला तो तर अगदी अलीकडे, २०१० साली. तिथल्या कायद्यातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. एखाद्या वाटेने लोक वीस वर्षे बिनदिक्कत, कुणाची परवानगी न मागता चालत आले असतील, तर ती वाट लोकांची मानली जाऊ शकते. म्हणजे तिथे वाटेचा दस्तऐवज म्हणजे माणसाची पावले.

सून हे ऐकून काही बोलली नाही. पण पुढच्या फाटकाशी ती सगळ्यांत आधी गेली. गुरे जाऊ शकणार नाहीत पण माणूस वळसा घेऊन जाईल, अशी ती फिरती फाटके. एकेका माणसाने आत शिरायचे, फाटक ढकलायचे आणि निघायचे. नातीला तो खेळच झाला.

डिचलिंग गाव लहान आहे. मध्ये चौक, दोन्हीकडे जुनी लाकूड-विटांची घरे, गारगोटीच्या दगडांत बांधलेले तेराव्या शतकातले चर्च. जुन्या शाळेच्या इमारतीत गावाचे कलासंग्रहालय आहे. मी शिक्षिका, शाळा म्हटल्यावर आत गेलेच. तिथे एडवर्ड जॉन्स्टन यांची ओळख झाली. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पाट्यांवर जी स्वच्छ, सुटसुटीत अक्षरे दिसतात, ती यांनी घडवली. १९१२ पासून १९४४ साली मरण येईपर्यंत ते याच गावात राहिले. बोरूने, पिसाच्या लेखणीने सुंदर अक्षर कसे काढायचे हे त्यांनी एका पिढीला नव्याने शिकवले. माझ्या अब्बांनी मला लाकडी तख्तीवर बोरूने अलिफ-बे गिरवायला शिकवले होते, आणि मी पुढे शेकडो मुलांना पाटीवर ग म भ न गिरवायला लावले. ज्या गावात कुणालाच ओळखत नव्हते, तिथे माझ्याच धंद्याचा माणूस भेटल्यासारखे वाटले.

दुसरी वाट : खडूच्या माथ्यावर

जूनमध्ये आम्ही डोंगर चढायला गेलो. डिचलिंगहून दक्षिणेला निघालेली वाट डिचलिंग बीकनच्या माथ्यावर जाते. उंची अवघी २४८ मीटर. आमच्या खेडहून पाहिलेल्या महिपतगडापुढे ही काही उंची नव्हे. पण चढ अंगावर येणारा आहे, आणि माझे गुडघे एकसष्ट वर्षांचे. दर शंभर पावलांवर मी थांबत होते.

थांबल्यामुळेच वाटेकडे नीट पाहिले. पावलांनी गवत निघून गेले होते तिथे खालचा दगड उघडा पडला होता, पांढराफेक. मी बोट घासले तर बोट पांढरे झाले. सवयीने ते ओढणीला पुसले आणि क्षणभर डोळे भरून आले. सुनेने ते पाहिले, पण विचारले नाही.

हा खडू कसा झाला, ही मोठी अजब कहाणी आहे. साधारण दहा कोटी ते सात कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार, नितळ समुद्र होता. त्यात नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या लहान वनस्पती तरंगत असत. त्यांच्या अंगावर चुन्याच्या सूक्ष्म चकत्यांचे कवच. त्या मेल्या की कवचे तळाशी जात. लाखो वर्षे हा पांढरा गाळ साचत राहिला, दबला, आणि पुढे भूगर्भाच्या हालचालींनी वर उचलला गेला. या खडूतच काळ्या, काचेसारख्या गारगोट्या सापडतात. चर्चच्या भिंती त्यांच्याच होत्या. आणि गंमत ऐका, आपण शाळेत वापरतो तो आजचा खडू बहुतेक वेळा खडूचा नसतोच, तो जिप्समचा बनवलेला असतो. तेहतीस वर्षे ज्याला मी खडू म्हणत आले, त्याची खरी भेट निवृत्तीनंतर झाली!

आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा, लाव्हा थिजून झालेला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हा वाहत होता. कोकणात त्याच काळ्या दगडाची झीज होऊन लाल जांभा झाला. सूरह फातिरमध्ये डोंगरांतल्या पांढऱ्या, लाल आणि काळ्याभोर पट्ट्यांचा उल्लेख येतो. लाल आणि काळा मी जन्मापासून पाहत आले होते. पांढरा पाहायला मला सात समुद्र ओलांडावे लागले.

माथ्यावर पोहोचलो आणि वारा असा आला की नातीची टोपी उडाली. उत्तरेला सखल प्रदेश, कुंपणांनी तुकडे पाडलेली शेते, मध्ये मध्ये झाडी. दक्षिणेला डोंगर हळूहळू उतरत गेलेला आणि त्याच्या शेवटी समुद्राची करडी पट्टी. वर आकाशात चंडोल गात होता. दिसत नव्हता, फक्त आवाज. पायाखाली आखूड, दाट गवत. खडूवर माती जेमतेम चार बोटे असते, आणि शेकडो वर्षे मेंढ्यांनी ते गवत कुरतडत ठेवले आहे. म्हणूनच तिथे उंच झाडोरा माजत नाही आणि बारीक बारीक रानफुलांना जागा मिळते. मेंढ्या नसतील तर झुडपे वाढतील आणि ही फुले मरतील, असे माहितीफलकावर वाचले. चरणारी जनावरे गवताचे रक्षण करतात, हे मला नवीन होते.

या माथ्यावरून साउथ डाउन्स वे नावाची लांब वाट जाते. पश्चिमेला विंचेस्टर, पूर्वेला ईस्टबोर्न, एकूण १६० किलोमीटर. आम्ही तिचा तीन किलोमीटरचा तुकडा घेतला, बीकनपासून पश्चिमेला पवनचक्क्यांपर्यंत. हा सगळा माथ्यावरचा सपाट भाग, त्यामुळे माझ्या गुडघ्यांनीही तक्रार केली नाही. वाटेत गोल, उथळ तळी लागतात. त्यांना दवतळी म्हणतात, पण ती भरतात मुख्यतः पावसाने. खडूतून पाणी चाळणीसारखे खाली जाते, माथ्यावर झरा नाही की विहीर नाही. म्हणून मेंढपाळांनी खड्डे करून तळाला चिकणमाती तुडवून बसवली आणि पाणी अडवले. आमच्या कातळावर पावसाळ्यानंतर टिपूस राहत नाही. ते दुखणे इथेही तेच, फक्त दगडाचा रंग वेगळा.

एका दवतळ्याजवळ जोहरची वेळ झाली. इंग्लंडच्या उन्हाळ्यात जोहर दुपारी एकनंतर, आणि मगरिब रात्री नऊनंतर! बाटलीच्या पाण्याने वुजू केले. आपल्या गावी किब्ला पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने. इथे आग्नेयेला. मोबाइलवर दिशा पाहून सुनेने चादर अंथरली आणि मग घुटमळली. दुरून दोन माणसे कुत्र्यासह येत होती. मी काही न बोलता तकबीर बांधली. सून माझ्या शेजारी उभी राहिली. सलाम फेरल्यावर पाहिले, तर ती माणसे कुत्र्याला दोरीने धरून गवतातून जरा लांबून निघून गेली होती. त्यांतल्या बाईने मागे वळून हात हलवला. नातीने हात हलवून उत्तर दिले. झाले एवढेच. वाटेत एकदोघांनी टक लावूनही पाहिले, ते सांगायला हवे. पण टक लावणाऱ्याच्या नजरेने वाट बंद होत नाही.

पवनचक्क्या दोन आहेत, जॅक आणि जिल. जॅक काळा, विटांचा, १८६६ सालचा. जिल पांढरी, लाकडाची, त्याहून जुनी. १८२१ साली ती ब्रायटनला बांधली होती, १८५२ साली तिला डोंगर चढवून इथे आणले. वारा जिकडून येईल तिकडे जिलचे अख्खे अंग एका खांबावर फिरते. उन्हाळ्यात काही रविवारी ती लोकांसाठी उघडतात आणि वाऱ्याने धान्यही दळतात. दळणाचा वास आला आणि मला आईचे जाते आठवले. तिथून उतरून क्लेटनच्या चर्चवरून पुन्हा हॅसक्स स्टेशन. त्या चर्चच्या भिंतींवर सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची कयामतच्या दिवसाची चित्रे आहेत. घरी आलो तेव्हा पाय दुखत होते, पण रात्री सुनेनेच विचारले, "अम्मी, पुढच्या वेळी कुठली वाट?"

तिसरी वाट : छत्रीकडे

जॅक-जिलपासून दक्षिणेला एक वाट शेतांतून, कुरणांतून जाते. नकाशावर मुलाला तिच्या टोकाशी एक ओळखीचा शब्द दिसला, 'छत्री'. तिथे गाडीरस्ता नाही. चालतच जावे लागते, सुमारे तीन किलोमीटर. जुलैच्या एका सकाळी आम्ही निघालो. रात्री पाऊस पडला होता आणि ओला खडू साबणासारखा निसरडा होतो, हे मी एकदा आपटूनच शिकले. काही लागले नाही. उठून पुढे चालले.

डोंगराच्या उतारावर, चहूबाजूंनी हिरवळ, आणि मध्ये पांढऱ्या संगमरवराचा घुमट, आठ खांबांवर. खाली लांब ब्रायटन शहर आणि त्यापलीकडे समुद्र. पहिल्या महायुद्धात युरोपच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी शिपायांना ब्रायटनच्या इस्पितळांत आणले जात असे, सुमारे १२,००० जणांना. राजवाड्यातच, रॉयल पॅव्हिलियनमध्ये, इस्पितळ उघडले होते. तिथे मुसलमान, शाकाहारी आणि मांसाहारी हिंदू यांच्यासाठी वेगवेगळी स्वयंपाकघरे होती, पाण्याचे नळ वेगळे होते, आणि नमाजसाठी हिरवळीवर जागा राखलेली होती. त्या इस्पितळांत जे हिंदू आणि शीख शिपाई वारले, त्यांच्यापैकी ५३ जणांचे दहन डोंगरावरच्या या जागी झाले. त्यांची आठवण म्हणून ही छत्री. आराखडा मुंबईचे तरुण वास्तुशिल्पी ई. सी. हेन्रिक्स यांचा. १ फेब्रुवारी १९२१ रोजी ती खुली झाली. त्या शिपायांची नावे लिहिलेली भिंत मात्र फार उशिरा, २०१० साली उभी राहिली. आम्ही ती नावे एकेक करून वाचली. नातीला उच्चार येत नव्हते, मी सांगत गेले.

"आणि आपले कुठे आहेत?" सुनेने विचारले.

आपले शिपाई इथे नाहीत. ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या मुसलमान शिपायांना वोकिंगला नेऊन दफन केले गेले. लंडनच्या नैर्ऋत्येला हे गाव. तिथली शाहजहान मशीद १८८९ साली बांधलेली. तिचे नाव भोपाळच्या बेगम शाहजहान यांच्यावरून, त्यांनी तिच्यासाठी देणगी दिली होती. मशिदीजवळच्या हॉर्सेल कॉमन या माळावर शिपायांसाठी घुमटाच्या दरवाजाचे छोटे कब्रस्तान बांधले, ते १९१७ साली पुरे झाले. पुढे तिथे नासधूस होऊ लागली म्हणून १९६०च्या दशकाच्या अखेरीस कबरी ब्रुकवुडच्या लष्करी कब्रस्तानात हलवल्या. जुन्या जागेवर आता शांतिबाग आहे, २०१५ साली केलेली. तिच्यात दोन महायुद्धांतल्या २७ मुसलमान शिपायांसाठी २७ भूर्जवृक्ष लावले आहेत.

मी तिथे बसून राहिले ते आणखी एका कारणासाठी. माझे पणजोबा आगबोटीवर खलाशी होते. खाडीकाठच्या आमच्या गावातून त्या काळी घरटी एक माणूस बोटीवर असे. १९१७ साली विलायतेच्या आसपास त्यांच्या बोटीला पाणतीर लागला, एवढेच घरात सांगत. बोटीचे नाव कुणाला माहीत नव्हते. माझी दादी तेव्हा दोन वर्षांची. ती म्हातारपणीही खाडीच्या भरतीकडे पाहून म्हणायची, "आमच्या बाबाला कबर नाही, पाणी आहे." लहानपणी मला ते नुसते वाक्य वाटायचे. त्या दिवशी छत्रीच्या पायरीवरून मी समोरची करडी पट्टी पाहिली. इंग्लिश खाडीचे पाणी. याच पाण्यात की आणखी कुठल्या, अल्लाह जाणे. पण दादीने जे पाणी कधी पाहिले नाही, ते मी पाहत होते.

तिथेच मी मगफिरतची दुआ केली. त्या ५३ नावांसमोर उभे राहताना मला परके वाटले नाही. त्यांच्याही घरी कुणी नदीकडे, कुणी रेल्वेच्या रुळांकडे पाहत आयुष्य काढले असेल. परतताना मी सुनेला एक माहिती सांगितली. मुंबईत मशीद बंदरजवळ इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या अशा दोन हजारांहून जास्त खलाशांचे स्मारक आहे, ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही. मला ते अनेक वर्षे ऐकून ठाऊक होते. मुंबईला शंभर वेळा गेले असेन. तिथे एकदाही गेले नव्हते. "अम्मी," सून म्हणाली, "नऊ वर्षे मीही इथून नुसती गाडीने जात होते." तिने टोमणा मारला नव्हता. पण मला तो लागला, आणि बरे झाले लागला.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले, भाऊ, बहिणी इंग्लंडमध्ये आहेत. कधी गेलात तर एक दिवस या वाटांसाठी ठेवा. लंडनहून ब्रायटनकडे जाणाऱ्या, हॅसक्सला थांबणाऱ्या गाडीने या. मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. वयस्कर माणसांनी आधी हॅसक्स ते डिचलिंग ही सपाट वाट घ्यावी. ज्यांना चढ नको त्यांनी गाडीने जॅक-जिलपर्यंत जावे, तिथे वाहनतळ आहे, आणि तिथून छत्रीपर्यंत चालावे. जाऊन-येऊन सहा किलोमीटर होतात. पाणी घरून न्या, माथ्यावर मिळत नाही. डबा आपला आपण बांधावा, म्हणजे हलालचा प्रश्न येत नाही. आम्ही तांदळाची भाकरी आणि सुका खिमा न्यायचो, तो थंडही चांगला लागतो. बूट खाली खाचा असलेले हवेत. वाऱ्यासाठी एक जाड कपडा जुलैतही जवळ ठेवा. फाटक उघडले तर मागे लावा, गुरांच्या मधून घाई न करता जा, आणि उष्टे-खरकटे पिशवीतून परत आणा. आपल्या वागण्यावरून आपल्या पुढच्या माणसाचे स्वागत ठरते.

आमची पाखाडी

सप्टेंबरअखेर मी गावी परतले. पाऊस ओसरला होता. आमच्या मोहल्ल्यातून खाडीच्या बंदराकडे एक पाखाडी उतरते. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगा. माझ्या लहानपणी तिच्यावरून बायका पाणी आणत, मुले शाळेत जात, आणि बोटीवर निघालेले पुरुष डोक्यावर ट्रंक घेऊन उतरत. खाली पडाव उभा असे. तो दाभोळला जाई आणि तिथून आगबोट मुंबईला. पणजोबाही याच पायऱ्यांनी उतरले असणार, दुसरी वाटच नव्हती. डांबरी रस्ता झाला, रिक्षा आल्या, आणि पाखाडीवरची पावले थांबली. आता करवंदीच्या जाळ्या दोन्हीकडून मिळाल्या होत्या. एका घराच्या नव्या कंपाउंडची भिंत तर अर्ध्या वाटेवर आली होती. कुणी अडवले नव्हते. कारण कुणी चालतच नव्हते.

मी त्या घरी चहाला गेले आणि भिंतीबद्दल बोलले. घरमालक माझा जुना विद्यार्थी निघाला. थोडा ओशाळला, मग म्हणाला, "बाई, तुम्ही चालणार असाल तर मी भिंत सरकवतो." मी म्हटले, "मी रोज चालणार आहे." दुसऱ्या दिवशी भाच्याने कोयता घेतला, मोहल्ल्यातली चार पोरे आली, आणि दुपारपर्यंत जाळी तोडून पायऱ्या मोकळ्या झाल्या. मी हातात काठी घेऊन सगळ्यांत पुढे उतरले. एकूण चौऱ्याण्णव पायऱ्या आहेत. तीन निखळल्या आहेत.

संध्याकाळी सुनेला फोटो पाठवला. तिचे उत्तर आले. त्या रविवारी ती आणि नात, दोघीच, वोकिंगला जाऊन आल्या होत्या. सत्तावीस झाडे नातीने मोजली होती. मी तिला लिहिले, पुढच्या महिन्यात डॉक्टरकडे मुंबईला जायचे आहे, तेव्हा मशीद बंदरला उतरणार आहे. तोवर रोज फजरनंतर बंदरापर्यंत जाते आणि येते. हल्ली शेजारची दोन मुले आणि एक नवी सूनही सोबत येतात. घरी आले की चपलेला लाल माती लागलेली असते.